गिरजेचे थालीपीठ

एका गावात केरोबा नावाचा एक भोळा गृहस्थ राहत असे. त्याला मूर्ख म्हणवत नाही. मूर्ख माणूस सांगितलेले विसरतो. केरोबा सांगितलेले एक अक्षरही विसरत नसे. सगळी अडचण तीच होती.

त्याची बायको गिरजा हिला सातवा महिना लागला आणि डोहाळे लागले ते थालीपिठाचे. तेही कुठल्या? चौकातल्या माडीवर आबाजींनी नवे उपाहारगृह काढले होते, तिथल्या. थालीपीठ तिथे फक्त रविवारी मिळे, सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत. भाजणीचा खमंग वास रस्ता ओलांडून गिरजेच्या खिडकीत येई. पण माडीचा जिना उभा, आणि सुईणीने तिला जिने वर्ज्य केले होते. तिने घरी थापून पाहिले. परंतु स्वतःच्या हातच्या थालीपिठाने डोहाळे पुरत नाहीत.

शेवटी ती म्हणाली, "अहो, तुम्हीच जाऊन या. आधी स्वतः खाऊन बघा. चांगलं असलं तर एक माझ्यासाठी बांधून आणा. रविवारी तिथं झुंबड असते, तेव्हा रिकामी खुर्ची दिसली की पटकन बसा."

केरोबा गेला. सगळी बाके भरलेली होती. एकच खुर्ची रिकामी होती, गादीची, गल्ल्यामागची. केरोबा पटकन बसला.

एक गिऱ्हाईक येऊन म्हणाले, "अहो शेठ, चहा अजून आला नाही!"

"माझाही नाही आला," केरोबा म्हणाला.

दुसरे म्हणाले, "उसळ फार खारट झालीय."

"मग खाऊ नका," केरोबाने कळवळून सल्ला दिला.

अर्धी माडी रिकामी झाली, तेव्हा आबाजी स्वयंपाकघरातून बाहेर आले. मग केरोबा फार वेगाने जिना उतरला.

"थालीपीठ?" गिरजेने दारातच विचारले.

केरोबाने घडले ते सांगितले. तिने कपाळावर हात मारला. "अहो, परक्या ठिकाणी असं मालकासारखं बसतात का? चार लोकांत जरा भीड बाळगावी माणसानं! कोणी काही देऊ केलं तर आधी नको म्हणावं. आग्रह झाला की मग घ्यावं."

केरोबाने हे मनात साठवले.

पुढच्या रविवारी तो एका बाकाच्या अगदी कडेला, भीड बाळगून बसला. वाढपी आला.

"काय आणू, काका?"

"काही नको."

वाढपी निघून गेला. केरोबा उपरणे सावरून आग्रहाची वाट पाहू लागला. बऱ्याच वेळाने वाढपी पुन्हा आला.

"ठरलं का, काका?"

"नको, नको! पोट अगदी भरलंय," केरोबा म्हणाला, आणि त्याचे पोट मोठ्याने गुरगुरले. एव्हाना कुठल्याही मावशीने त्याच्या पानात दोन थालीपिठे टाकली असती. वाढप्याने फक्त बाक पुसले.

"खायचं नसेल तर उठा की काका. लोक खोळंबलेत."

केरोबा उठला. जिन्यावर तो दोनदा रेंगाळला, कारण शेवटचा आग्रह जिन्यातच होतो असा त्याचा अनुभव होता.

"थालीपीठ?" गिरजेने विचारले.

"देत होते गं. आग्रह कमी पडला."

या खेपेस गिरजेच्या डोळ्यांत पाणी आले. तिने त्याला समोर बसवले. "नीट ऐका. ते काही सोयऱ्याचं घर नाही. तिथं लाजायचं नाही. हाक मारायची, हवं ते मागायचं, उणंअधिक असेल ते तोंडावर सांगायचं. पैसे टाकायचे, माझं थालीपीठ बांधून घ्यायचं आणि वाटेत कुठं न थांबता घरी यायचं. आणि हो, गार होऊ देऊ नका. थालीपीठ गरम असतानाच खावं. गार झालं की त्याचं चामडं होतं."

केरोबाने सगळे पाठ केले. त्याचे शहाणपण पूर्ण झाले, आणि नेमके पुढच्याच रविवारचे सासुरवाडीहून डोहाळजेवणाचे बोलावणे आले. सासुरवाडी नदीपलीकडेच होती. दोघे बैलगाडीने गेले.

लेकीचे डोहाळे सासूबाईंच्या कानावर गेले होते. त्यांनी स्वतः भाजणी भाजली होती. गिरजा फुलांची वाडी भरून पाटावर बसली होती. पण रीतीप्रमाणे पहिले पान जावयाचे.

"जावईबापू, संकोच करू नका हं," सासूबाई म्हणाल्या.

"संकोच कसला?" केरोबाने पाटावर थाप मारली. "अहो बाई! एक थालीपीठ, लोणी जास्त! आणि जरा लवकर!"

ओटीवर बसलेल्या सासऱ्यांचा अडकित्ता थांबला.

"तिखट बेताचंच आहे," खाता खाता केरोबा म्हणाला. "बाकी झकास. आणखी एक आणा."

असे करता करता भाजणी संपली. शेवटचे थालीपीठ तव्यावरून निघाले.

"ते बांधून द्या," केरोबा म्हणाला.

"अहो, हे गिरजेचं आहे!"

"तिच्यासाठीच तर नेतोय."

सासूबाईंच्या हातून त्याने थालीपीठ घेतले, केळीच्या पानात गुंडाळले, ताटाखाली नोट सरकवली आणि तो निघाला.

"अहो!" गिरजा ओरडली. "अहो, मी इथं आहे!"

केरोबाला ऐकू आले. पण वाटेत कुठे थांबायचे नव्हते.

तो धावतपळत नदी ओलांडून घरी पोहोचला. दाराला कुलूप. त्याने हाका मारल्या, कडी वाजवली, खिडकीत डोकावून पाहिले. आत कोणी नव्हते. इकडे हातातले थालीपीठ कोमट होत चालले होते.

थोड्या वेळाने बैलगाडी दारात येऊन थांबली. हातातली किल्ली सावरत, वेणीतली फुले विस्कटलेली अशी गिरजा खाली उतरली.

"थालीपीठ?"

केरोबाने उपरण्याला हात पुसले. "फर्मास होतं. गार व्हायला लागलं म्हणून खाऊन टाकलं. पण काय गं, तुझे डोहाळे पुरवायला मी एवढा जीव टाकतोय, आणि तू अशी न सांगता घराला कुलूप लावून जातेस तरी कुठं?"