तळ बांधलेल्या विहिरीची कहाणी

अक्षता हातात घ्या, तोंडं बंद ठेवा आणि विहिरीची कहाणी ऐका.

एक आटपाट नगर होतं. त्याला एक राजा होता. राजाचं या कहाणीत काम नाही. त्याची राणी होती हिरावती, तिचं काम आहे. आणि तिची सासू होती, थोरली राणी.

नगराच्या मधोमध एक विहीर होती. सारं नगर तिचंच पाणी प्यायचं. विहिरीत एक कासव होतं, बेडूक होते, मासोळ्या होत्या. थोरल्या राणीचा वसा होता. चैत्रात विहीर उपसायची. आधी कासव, बेडूक, मासोळ्या घंगाळात काढायच्या, घंगाळ सावलीत ठेवायचं. मग खाली उतरायचं, गाळ काढायचा, झऱ्यांची तोंडं आपल्या हातानं मोकळी करायची. मग सगळ्यांना परत सोडायचं. पहिल्या दिवसाचं पाणी कुणी काढायचं नाही. ते त्यांचं.

थोरली राणी थकली. वसा सुनेकडे आला. सून काठावर आली, आत वाकून बघितलं, नाकाला पदर लावला.

"शी! पाण्यात जनावरं! आणि आम्ही हे प्यायचं?"

सासू म्हणाली, "ती तुझ्या पाण्यात नाहीत, सूनबाई. तू त्यांच्या पाण्यात पोहरा टाकतेस."

"तुमचं आपलं काहीतरीच, सासूबाई."

मग सुनेनं जनावरं घंगाळात काढायला लावली, विहीर उपसून घेतली. मग रखमाजी गवंड्याला बोलावलं. म्हणाली, "तळाला संगमरवरी फरशी घाल. भिंतींच्या भेगा लिंपून टाक. चिखल दिसता कामा नये."

"दिसणार नाही, राणीसरकार. तोंड बघाल त्यात."

झऱ्यांचं काय? हे गवंड्याला ठाऊक होतं. लोकांना ठाऊक होतं. शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण राणीपुढं कुणी तोंड उघडलं नाही. एकटी सासू बोलली, "झरे बुजतील."

सून म्हणाली, "पाऊस पडतो की."

घंगाळ उन्हात राहिलं. मासोळ्या शिजून मेल्या. बेडूक मेले. कासव तेवढं उरलं. "हे कुठं ठेवू?" दासीनं विचारलं. "टाक कुठंतरी," राणी म्हणाली. दासीनं वेशीबाहेर टाकलं.

पाऊस आला. विहीर भरली. तळाची नक्षी वरून दिसू लागली. लोक बघायला आले, टाळ्या वाजवल्या. राणी ताठ झाली.

मग पाऊस गेला. कार्तिकात पाणी हिरवं झालं. पौषात त्यात डासांच्या अळ्या वळवळू लागल्या. खायला मासोळी कुठं होती? माघात पाणी संपलं. खाली फरशी राहिली, कोरडी, पांढरी, हाडासारखी.

फाल्गुनात राणीची लेक आली. नाव तिचं यमुना. पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले. सुईण म्हणाली, "आज ना उद्या मूल होईल. न्हाऊ कशानं घालू?"

राणी घागर घेऊन निघाली. नदीकडे गेली. "नदीबाई, नदीबाई, घागरभर पाणी दे."

नदी म्हणाली, "तुझ्या महालाला वाळू कुणाची नेलीस? पाणी धरायला माझ्याकडे काय ठेवलंस? चालती हो."

तळ्याकडे गेली. "तळ्याबाबा, घागरभर पाणी दे."

तळं म्हणालं, "तुझा बाजार माझ्या छातीवर बसलाय. बाजारालाच माग. चालती हो."

मग पुढं गेली. वेशीबाहेर म्हशी लोळायचा खड्डा. खड्ड्यात ओंजळभर चिखल. चिखलात कासव. राणीनं ओळखलं, हात जोडले.

"कासवदादा, चल. सोन्याच्या घंगाळात ठेवते तुला."

"सोनं खातात का ग?"

"मग काय करू?"

"तळ फोड."

"गवंड्याला आत्ता बोलावते."

"गवंड्यानं कुणाच्या शब्दानं घातला? तुझ्या. मग तू फोड. पण तू काय, वसा घेशील आणि चार दिवसांनी टाकशील."

"नाही टाकणार."

"बघू," कासव म्हणालं, आणि मान आत घेतली.

राणी परत आली. पदर खोचला, पहार घेतली, विहिरीत उतरली. सासू वरून म्हणाली, "बांगड्या काढून ठेव. फुटतील."

पहिल्या दिवशी हाताला फोड आले. फरशीला काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी फोड फुटले, फरशी फुटली. तिसऱ्या दिवशी राणीनं चुना उकरला, दगड उकरले, नखं तुटली. वर यमुनेला मुलगा झाला. त्याचं रडणं विहिरीत ऐकू आलं. सुईणीनं त्याला कोरड्या फडक्यानं पुसलं.

तेवढ्यात मातीला घाम फुटला. मग थेंब. मग बोटाएवढी धार.

लोक घागरी घेऊन धावले. टाळ्या वाजवणारे तेच. सुईणही आली. "राणीसरकार, पोर तसंच पडलंय. तांब्याभर तरी द्या."

राणीनं वर बघितलं. डोळे भरले. मग पायऱ्या चढून आली, काठावर पहार आडवी धरून उभी राहिली.

"पहिल्या दिवसाचं पाणी आपलं नाही."

"अहो, नातू तुमचा!"

"माझ्या नातवालाही नाही. तेल-पिठानं पुस. आणि ज्याला तहान लागलीय त्यानं खाली उतरावं. भिंती अजून लिंपलेल्या आहेत."

लोक कुरकुरले. एक उतरला. मग दुसरा. मग रखमाजी गवंडी मान खाली घालून उतरला. उजाडेपर्यंत चिमण्या-पाखरांशिवाय कुणी पाणी प्यायलं नाही. दुसऱ्या दिवशी सासूनं पोहरा टाकला, पणतवाला न्हाऊ घातलं. मग नगरानं पाणी नेलं.

कासव परत आलं नाही. का यावं त्यानं?

मेलेल्या मासोळ्या परत आल्या नाहीत. राणी दर चैत्राला गाळ काढत राहिली, मरेपर्यंत.

जसे राणीच्या हाताला फोड आले, तसे तुम्हां-आम्हां येवोत. जशी तिला अद्दल घडली, तशी आपल्याला घडो, आणि पाणी असतानाच घडो. साठ उत्तरांची कहाणी पाच उत्तरांत संपूर्ण झाली. सुफळ झालेली नाही. ते ऐकणाऱ्यांनी उठून करायचं.