हुर्र म्हणणारा पोपट

नदीच्या वळणावर पेरूची एक बाग होती. हिरवी म्हणजे किती हिरवी! सकाळचं ऊनसुद्धा तिथे हिरवं होऊनच खाली उतरायचं. पानापानांआड पिवळेधम्मक पेरू लटकायचे आणि त्यांचा गोड वास पार नदीपलीकडे जायचा.

आता इतका गोड वास सुटल्यावर पोपट थोडेच घरी बसणार! थवेच्या थवे यायचे आणि बागेवर तुटून पडायचे. त्यांना हाकलायचं काम वेणूच्या आईकडे होतं. वेणूला बाबा नव्हते, घर नव्हतं. बागेत चार लाकडांवर बांधलेला एक माळा आणि वर गवताचं छप्पर, एवढंच मायलेकींचं होतं. दिवस उगवला की आई पत्र्याचा डबा बडवत ओरडायची, "हुर्रऽऽ! हाऽहोऽ! हुर्रऽऽ!" संध्याकाळपर्यंत तिचा घसा इतका बसायचा, की वेणूला कुशीत घेऊन गाणं म्हणायलाही आवाज उरायचा नाही.

माळ्यावर आणखी एक जण राहायचा. टिल्लू! वादळात झाडाची ढोली मोडली, तेव्हा चिखलात पडलेलं ते इवलंसं, उघडंबोडकं पिल्लू वेणूने ओंजळीत उचलून आणलं होतं. भिजवलेली डाळ बोटाने भरवून तिने त्याला वाढवलं. आता तो लालचुटुक चोचीचा, गुबगुबीत पोपट झाला होता. वेणूच्या खांद्यावर बसायचा आणि वेणूच्याच हातचं खायचा. एक शब्द त्याला यायचा, "वेणू". दुसरा तो आईचं ऐकून ऐकून शिकला होता, "हुर्रऽऽ!"

तो "हुर्र" म्हणाला की वेणू टाळ्या पिटायची आणि त्याला पेरूची फोड द्यायची. मग काय, स्वारी चेकाळली! पोपट दिसला रे दिसला की हा छाती फुगवून ओरडायचा. आपणही पोपटच आहोत, हे बिचाऱ्याच्या गावीही नव्हतं.

एक दिवस आई म्हणाली, "वेणू, पेरू संपले की तुला मावशीकडे शाळेला जायचंय हं."

"आणि टिल्लू?"

"मावशीकडे मांजरं आहेत गं. त्याला नाही नेता येणार. मी भरवीन की त्याला."

आईने टिल्लूसमोर फोड धरली. टिल्लूने मान फिरवली. तिने पुन्हा धरली, त्याने पुन्हा फिरवली. मी गेले तर हा उपाशी मरेल, एवढंच तिच्या मनात घोळत राहिलं.

दुसऱ्या दिवशी झाडावरच्या जाळीत एक रानातली पोपटीण अडकली. वेणूने हलक्या हाताने एकेक धागा सोडवला. बिचारीचा पंख दुखावला होता. वेणूने त्यावर हळद लावली, तिला टिल्लूजवळच्या फांदीवर ठेवलं आणि तिचं नाव ठेवलं रानू. "टिल्लू, बघ! तुला मैत्रीण आली. ती तुला खायला शिकवेल, उडायला शिकवेल."

"हुर्रऽऽ!" टिल्लू ओरडला आणि चोच उगारून धावला. रानू थरथरत पानांत लपली.

वेणूला रडूच कोसळलं. हे त्याला मीच तर शिकवलं! दुपार उतरताना आई नदीवर पाण्याला गेली होती. वेणूने डोळे पुसले आणि आपल्या वाटणीचा पेरू रानूसाठी फोडला.

आणि अहाहा! पेरूच्या आतून गुलाबी उजेड सांडला. पानं गुलाबी, फांद्या गुलाबी, वेणूचे तळहात गुलाबी! त्या उजेडातून अंगठ्याएवढी एक चिमुकली परी बाहेर आली. तिचे पंख पेरूच्या कोवळ्या पानांचे होते आणि केसांत पिटुकल्या बिया लुकलुकत होत्या.

"वेणूबाळ, मी पेरूपरी. तू तुझा घास पाखराला दिलास. म्हणून तुझ्या दोन इच्छा मी पुऱ्या करणार."

"टिल्लूला रानू आवडू दे!" वेणू घाईघाईने म्हणाली.

परी हसली. "तेवढं नाही गं राणी. कुणाचं मन वळवायचं नाही, हा आमचा नियम आहे. दुसरं काहीही माग."

वेणूने विचार केला. "मग मला पोपट कर. मी स्वतःच त्याला समजावते."

"करते. पण पोपट असताना माणसाचा एक शब्द जरी बोललीस, तरी पुन्हा माणूस होशील. ती इच्छा मग गेलीच समज."

परीने टिचकी वाजवली. वेणूचे हात हलके झाले, हिरवे झाले, पंख झाले! केवढं नवल! एकेका पानात तिला कितीतरी हिरवे रंग दिसू लागले, आणि पेरू पिकताना आतल्या आत गुणगुणतात तेही ऐकू येऊ लागलं. वेणू भान हरपून बघतच राहिली. मग आनंदाने उडत ती टिल्लूजवळ गेली.

"हुर्रऽऽ!"

वेणू दचकून मागे सरकली. तो शब्द पाखराच्या कानांना असा लागतो? अरे, मी वेणू! शब्द अगदी चोचीशी आला, पण तिने तो गिळला. मुकाट्याने ती रानूशेजारी जाऊन बसली. रानूने काही न विचारता आपला चांगला पंख तिच्यावर पसरला.

ऊन कलायला लागलं. टिल्लूला भूक लागली. "वेणू!" त्याने हाक मारली. "वेणू! वेणू!"

वेणू तर समोरच होती! तिचा जीव तुटत होता. ओ दिली असती तर लगेच त्याला घास भरवता आला असता. पण उद्या काय? परवा काय? डोळे घट्ट मिटून ती गप्प राहिली.

ओ दिली ती रानूने. "कीऽक?"

रानूने फुटलेल्या पेरूचा मऊ घास चोचीत घेतला. एक पाऊल पुढे गेली, थांबली. आणखी एक पाऊल गेली. टिल्लूने छाती फुगवली. "हुर्र..." तो म्हणाला, आणि मध्येच थांबला. रानू घास धरून तशीच उभी होती. त्याने मान वाकडी केली आणि हळूच चोच उघडली.

घास खाल्ल्यावर तो अगदी बारीक आवाजात बोलला, "कीऽक."

"टिल्लू पाखरासारखा बोलला!" वेणू आनंदाने ओरडली, आणि क्षणात फांदीवर पुन्हा वेणू बसलेली होती. टिल्लू मात्र आता रानूला बिलगला होता.

"आणखी एक इच्छा आहे हं," परी म्हणाली. "तुझ्यासाठी माग."

वेणूने टिल्लूकडे पाहिलं. त्याला माझी आठवण राहू दे, असं तिला मागायचं होतं. पण नियम होता ना! ती म्हणाली, "रानूचा पंख बरा कर."

"मग ती उडून जाईल. तिच्यामागे तोही जाईल."

"जाऊ दे," वेणू म्हणाली. तिचे डोळे मात्र भरून आले.

परीने पंखावरून हात फिरवला. भुर्रकन रानू उडाली. टिल्लूने वळून पाहिलं, तिच्यासारखे पंख पसरले, जरासा धडपडला आणि मग तोही निळ्या आभाळात दिसेनासा झाला. वेणू बराच वेळ वर बघत राहिली.

तेवढ्यात खांद्यावर ओळखीचं वजन आलं. कानाशी चोच घासत कुणीतरी म्हणालं, "वेणू!" टिल्लू परत आला होता, आणि रानूही जवळच्या फांदीवर उतरली होती.

"हे तू केलंस?" वेणूने विचारलं.

"छे गं! मन त्याचं त्यानेच वळवलं," परी म्हणाली. "मी इतकंच करते." तिने बांधावरच्या वठलेल्या झाडाला फुंकर घातली. ते झाड सोनेरी पेरूंनी लगडलं आणि सारा थवा कलकलाट करत तिकडे वळला. परी हसत हसत गुलाबी उजेड झाली आणि उजेड पानांत विरून गेला.

आई घागर घेऊन आली. बागेतल्या पेरूंवर एकही पोपट नव्हता, सारा थवा बांधावर होता. तिने डबा हातात घेतलाच नाही. त्या संध्याकाळी तिचा घसा बसला नव्हता. वेणूला कुशीत घेऊन ती गाणं म्हणाली. माळ्याच्या छपरावर टिल्लू आणि रानू एकमेकांना टेकून ते गाणं ऐकत बसले होते.