चित्राखालचं नाव

एका लहानशा संस्थानात भिकाजी चितारी नावाचा कलावंत होता. राजवाड्याच्या भिंतीवर त्याने तीन वर्षं खपून दशावतार रंगवले आणि शेवटचा हात फिरवून आठवड्याभरातच तो वारला. त्याला रंग घोटून देणाऱ्या त्याच्या मुलीने, शेवंतीने, चित्राखाली सुबक अक्षरांत ओळ लिहिली, 'चित्रकर्ते कै. भिकाजी चितारी.'

पुढे परगावचे पाहुणे राजवाड्यातली कलाकुसर बघायला यायचे ठरले. आदल्या दिवशी संस्थानचे कारभारी दादासाहेब मानकऱ्यांना घेऊन पाहणीला आले, त्यांनी ती ओळ वाचली आणि ते शेवंतीवर भडकले.

"चिताऱ्याचं नाव राजवाड्यात? चित्र मी करवून घेतलं. त्याचं नाव पूस आणि तिथे माझं घाल!"

शेवंतीने ओल्या फडक्याने बापाचं नाव पुसलं. मग कुंचला रंगात बुडवून तिने 'कै.'च्या पुढे 'दादासाहेब' लिहायला घेतलं.

"अगं थांब! आधी ते 'कै.' पूस!" दादासाहेब ओरडले.

"ते कसं पुसू, सरकार?" शेवंती म्हणाली. "हे चित्र काढणारा माणूस चितेवर जळताना अख्ख्या गावाने पाहिलाय. त्याची जागा घ्यायची, तर त्याचं मरणही घ्यावं लागेल."

मानकऱ्यांत खसखस पिकली. दादासाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. "राहू दे त्याचंच," एवढं पुटपुटून ते निघून गेले.

शेवंतीने बापाचं नाव पुन्हा लिहिलं. लोक वाहवा करत होते. तिला मात्र त्या ओळीतलं 'कै.' तेवढंच पुसायचं होतं, आणि तेच पुसता येत नव्हतं.