मेल्चोराचा फेरा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हतं. आणि सांगताना माझ्याकडून काही निसटलं, तर तो दोष माझा समजा, गोष्टीचा नव्हे.

पेरू नावाच्या देशात अँडीजचे बर्फाळ डोंगर जिथं एकदम खाली उतरून जंगलात शिरतात, तिथं फुयुपाता नावाचं गाव आहे. फुयुपाता म्हणजे ढगांचा काठ. गावाच्या वर बटाट्याची शेतं. आपल्या बटाट्याचं माहेर त्याच डोंगरांत. पण तिथले बटाटे जांभळे, काळे, पिवळे, आणि काही तर तान्ह्या पोराच्या मुठीसारखे वाकडेतिकडे. गावाच्या खाली ढग आणि ढगांच्या खाली जंगल. ते इतकं दाट, की झाडावरून सुटलेल्या पानाला जमीन गाठायला अर्धा दिवस लागतो, असं म्हणतात.

डोंगर आणि जंगल यांच्या मधल्या उतरणीवर किनाची झाडं होती. पूर्वी आपल्याकडे हिवतापावर कडू कोयनेल घेत. ते कोयनेल या झाडाच्या सालीतून निघतं. झाड सरळ, उंच. फुलांचे गुलाबी घोस, त्यांना गोड वास. साल मात्र अशी, की जिभेला लागली तर दोन दिवस मधही कडू लागावा. फुयुपाताची माणसं शेंदरीच्या बिया आणायला, मध काढायला खाली जंगलात जात, आणि येताना पुष्कळदा थंडीताप घेऊन येत. तिकडे त्याला चुक्चु म्हणतात. चुक्चु आला की माणूस चार गोधड्यांखाली थडथडतो. मग किनाची साल उकळायची आणि पाजायची. माणूस उठायचा.

साल काढण्याचं काम एकाच घराकडे होतं, आणि त्या घरात ते आईकडून मुलीकडे येई. मेल्चोरा त्या घरातली. ती बुटकी होती, खांद्यानं रुंद, आणि कमी बोलणारी. तिच्या हाताला सालीचा लाल रंग असा बसला होता, की बर्फानं धुतला तरी जात नसे, असं म्हणतात.

तिच्या आईनं तिला दोन नियम शिकवले होते, एका दमात सांगितलेले. पहिला नियम असा, की ज्याच्यासाठी साल हवी त्याचं नाव झाडाला सांगायचं. नाव सांगितल्याशिवाय सुरी लावायची नाही, आणि नाव सांगितल्यावर नाही म्हणायचं नाही. दुसरा असा, की एका नावाला एकच पट्टी, तळहाताएवढी रुंद, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि तीही उगवतीच्या बाजूची. मग जखमेवर ओलं शेवाळ बांधायचं आणि ती भरून येईपर्यंत त्या झाडाकडे फिरकायचं नाही.

मेल्चोरानं दोन्ही नियम वीस वर्षं पाळले. गावात चुक्चुनं माणूस दगावणं थांबलं. वाटेनं जाताना म्हातारे तिला ममाय म्हणू लागले. ममाय म्हणजे माझे आई. आपल्या लेकीच्या वयाच्या बाईला म्हातारे आई म्हणत, यावरून काय ते समजा.

तिला एकच मुलगी होती, सिसा. सिसा म्हणजे फूल. पण ही जिभेची तिखट, आणि हातात सतत लोकरीची चाती. सूत काततानाच ती बोलायची, म्हणून तिचं बोलणंही बारीक आणि न तुटणारं असे, असं गावातल्या बाया म्हणायच्या.

एका वर्षी खालच्या खोऱ्यातून एवारिस्तो नावाचा खेचरवाला वर आला. खेचरांवर मीठ होतं. कमरेला एक दोरी होती आणि दोरीला तीन गाठी होत्या. त्याला लिहिता येत नव्हतं. एक गाठ म्हणजे एक आजारी माणूस. त्याची बायको आदल्या वर्षी चुक्चुनं गेली होती. तेव्हा किनाचं झाड कुठे असतं हे त्याला माहीत नव्हतं. त्यानं पहिली गाठ बोटांत धरली आणि नाव सांगितलं. मग दुसरी, मग तिसरी. मेल्चोरानं तीन नावं तीन झाडांना सांगितली आणि तीन पट्ट्या दिल्या. मोबदल्यात ओंजळभर मीठ घेतलं, ते सगळ्या गावात वाटलं.

तीनही माणसं उठली.

पुढच्या वर्षी एवारिस्तोच्या दोरीला चाळीस गाठी होत्या. त्याच्या पुढच्या वर्षी ती दोरी त्याच्या कमरेभोवती चार वेळा गुंडाळली जात होती. तो उतरणीवर उभा राहून एकेक गाठ धरायचा आणि नाव सांगायचा. विणकर, कुंभार, कुणाची सासू, कुणाची आठ वर्षांची लेक. एकही नाव तो विसरत नसे, आणि एकही दोनदा घेत नसे. मेल्चोरा ऐकायची आणि सुरी काढायची.

उगवतीच्या बाजू संपल्या. तेव्हा ती झाडासमोर जरा थांबली, असं म्हणतात. मग तिला आईचे शब्द आठवले असतील: नाव सांगितल्यावर नाही म्हणायचं नाही. तिनं दक्षिणेची बाजू घेतली. मग उत्तरेची. एक नियम तिनं जिवापाड पाळला आणि त्या पाळण्यात दुसरा कधी सुटला, ते तिला कळलं नाही. ज्यांना नियम पाळायची फार सवय असते त्यांचंच असं होतं, असं मला कधीकधी वाटतं. मोडणाऱ्याला निदान आपण काय मोडलं ते माहीत असतं.

गावात कुजबुज सुरू झाली. पाणवठ्यावर एक म्हातारी म्हणाली, की गाढवांची बारशी उरकून घ्या गं, नाव असलं की मेल्चोरा गाढवालाही साल देईल. बाया हसल्या. सिसाही हसली. पण घरी येऊन चाती फिरवता फिरवता तिनं आईला विचारलं,

"ममाय, ज्यांची नावं अजून ठेवली नाहीत, त्यांच्यासाठी कोण मागणार?"

इथं त्या गावची एक रीत सांगायला हवी. तिथं मूल जन्मलं की लगेच नाव ठेवत नाहीत. ते चालायला लागेपर्यंत त्याचे केस वाढू देतात. मग एक दिवस सगळे जमतात, प्रत्येक जण एकेक बट कापतो, आणि मग नाव ठेवतात. तोवर मूल नुसतं मूल. सिसाला तेव्हा सहावा महिना होता.

दुसऱ्या दिवशी मेल्चोरा पुन्हा सुरी घेऊन गेली, कारण दोरीच्या बावीस गाठी अजून राहिल्या होत्या.

त्या हिवाळ्यात उतरणीवरची पानं लाल झाली. किनाचं जुनं पान गळण्याआधी लाल होतंच. पण त्या वर्षी एकूण एक पान लाल झालं. माणसं काठावर उभी राहून बघायची. सगळा उतार पेटल्यासारखा दिसत होता. इतकं सुंदर आपल्या आज्यांनीही पाहिलं नसेल, असं सगळे म्हणाले. मेल्चोराही बघत होती. मग वारा आला आणि पानं गेली, आणि ती पुन्हा आली नाहीत.

एकच झाड उरलं, सगळ्यांत जुनं. त्याच्याच सावलीत मेल्चोराला आईनं सुरी धरायला शिकवलं होतं.

पुढचं वर्ष अति पावसाचं होतं. ढग काठावरून गावात शिरले आणि खालचे डासही त्यांच्यासोबत वर आले, असं म्हणतात. पहिल्याच आठवड्यात सिसा थडथडू लागली. तिची मुलगी नऊ महिन्यांची होती, केस कानांवर आलेले, नाव नसलेली.

मेल्चोरानं सुरी उचलली. सिसाचे दात वाजत होते, तरी ती बोलली.

"जा, ममाय. पण या वेळी आधी झाडाभोवती एकदा फिर. हात लावून फिर."

मेल्चोरा झाडापाशी पोचली तेव्हा ढग कमरेपर्यंत होते. तिनं खोडाला तळहात टेकवला आणि चालू लागली. उगवतीला हाताखाली कोरडं लाकूड लागलं. दक्षिणेला कोरडं लाकूड. उत्तरेलाही तेच. या जखमा तिच्याच होत्या. एकेकीचं नाव तिला आठवत होतं. मावळतीला हाताला ओलसर, गार, जिवंत साल लागली. बरोबर एक तळहात रुंद.

तिनं वर पाहिलं. त्या एका पट्टीवर ते सगळं झाड उभं होतं, आणि शेंड्याला बोंडं धरली होती. हिरवी, कच्ची. बी पिकायला अजून दोन महिने होते. उतरणीवर दुसरं किनाचं झाड नव्हतं. पट्टी काढली तर झाड बी पिकण्याआधी मरणार, आणि मग फुयुपातात ज्यांची नावं अजून ठेवली नाहीत त्यांच्यासाठी काहीच उरणार नाही. पट्टी नाही काढली तर सिसा मरणार.

मेल्चोरानं सुरी टेकवली. नाव घ्यायला तोंड उघडलं. आणि तिथंच थांबली.

ती तीन दिवस उभी होती, असं म्हणतात. तिच्या पायांवर शेवाळ चढलं. अंगठ्याएवढे पक्षी येऊन तिच्या खांद्यावर विसावले, कारण तिला त्यांनी झाड मानलं. घरून निरोप घेऊन माणसं आली आणि तिच्या जवळून गेली, पण ढगात त्यांना ती दिसली नाही. आणि त्या तीन दिवसांत झाडानं दोन महिन्यांचं काम उरकलं. बोंडं तपकिरी झाली, तडकली, आणि कागदाच्या कपट्यासारखं पंखांचं बी ढगात उडालं.

तिसऱ्या दिवशी मेल्चोरा घरी आली. सुरी कोरडी होती. सिसाला सकाळीच वर, बटाट्याच्या शेतापलीकडे पुरून आले होते.

शेजारणींनी तिला बसवलं, तिची वेणी सोडली. केस विंचरताना फणीतून बी पडू लागलं. आधी त्यांना वाटलं, कोंडाच आहे. मग एकीनं उजेडात धरून पाहिलं. त्यांनी खाली कापड अंथरलं आणि संध्याकाळपर्यंत विंचरत राहिल्या. सिसाची मुलगी रांगत आली आणि मेल्चोराच्या लाल हाताशी खेळत बसली.

गाव सांगतं, की मेल्चोरानं लेक देऊन जंगल राखलं. गाणीही तशीच आहेत. पण मला गोष्ट सांगणारी म्हातारी त्या नाव नसलेल्या मुलीच्या वंशातली होती, आणि तिच्या घरात हे वेगळं सांगत. मेल्चोराला लोक थोर म्हणू लागले तेव्हा ती म्हणाली होती,

"मी काही दिलं नाही आणि काही राखलं नाही. मला ठरवता आलं नाही. मी नुसती उभी होते."

यातलं खरं कोणतं, हे मी पुष्कळ वर्षं मनात घोळवलं. मला तिचंच खरं वाटतं. तसं वाटावं असं माझ्यातच काही असेल.

एवारिस्तो त्या वर्षीही आला. नवी दोरी कमरेला होती. त्यानं उघडा उतार पाहिला आणि तो खेचरांशेजारी जमिनीवर बसला. काही जण पुढे म्हणू लागले, की त्याची नावं खोटी होती, त्यानं साल दूर कुठेतरी नेली. खोटी असती तर बरं झालं असतं. पण ती खरी होती. तो मेल्चोराला म्हणाला, की तुझ्या सालीनं आमच्या खोऱ्यातली घरं भरलेली आहेत, ममाय. उठलेली माणसं चालतात, भांडतात, लग्नं करतात.

"ठाऊक आहे," मेल्चोरा म्हणाली. "म्हणून तर कुणावर रागावायचीही सोय राहिली नाही."

त्यानं दोरी सोडून तिच्यासमोर ठेवली. मग दोघांनी मिळून उतरणीवर बी पेरलं. शेवाळात बोटानं खळगा करायचा, बी ठेवायचं, फुंकर मारायची नाही. शंभरातलं एखादं उगवलं. जुनं झाड आणखी एक वर्ष त्या एका पट्टीवर उभं राहिलं आणि मग पडलं. मेल्चोरा म्हातारी होऊन मेली. आपलं नाव कुठल्याही झाडाला देऊ नका, असं तिनं सांगून ठेवलं होतं, आणि गावानं ते ऐकलं.

आता फुयुपाताच्या उतरणीवर पुन्हा किना आहे, पूर्वीइतका दाट नाही. चुक्चुवर आता गोळ्या मिळतात. तरी साल काढणारं एक घर अजून आहे. आणि नियम आता तीन आहेत. जुने दोन आहेतच, पण नाव विचारण्याआधी झाडाला हात लावून एक फेरा मारायचा, आणि जिवंत साल किती उरली ते पाहायचं. त्याला मेल्चोराचा फेरा म्हणतात. गावात कुणी जमीन विकायला निघाला किंवा कुणी घाईनं सोयरीक जमवू लागला, तर म्हातारे एवढंच विचारतात, की फेरा झाला का?

आणि बी पिकतं त्या दिवसांत, ज्या मुलांचे केस अजून कापलेले नाहीत त्यांना घेऊन आया उतरणीवर जातात. मुलाचा तळहात खोडावर टेकवतात आणि झाडाभोवती हळूहळू चालतात, पूर्ण एक फेरा. त्या वेळी तिथं कुणी कुणाचं नाव घेत नाही. हाक मारायची झाली तरी खांद्याला हात लावतात. ढग कमरेपर्यंत असतात, मुलं खिदळतात, आणि बी उडत असतं. घरी परतल्यावर आया मुलांचे केस विंचरतात, आणि फणीतून जे पडेल ते जपून ठेवतात.