घाटातला हीटर

वैशाखातलं ऊन होतं बघा. गजराबाईच्या सुदामला पायाला साप चावला, आणि वस्तीवर गाडी म्हणाल तर एकच, दूधसंघाच्या चेअरमनची. भैरवराव तालुक्याला स्वतःच्या सत्काराला निघाले होते, पण सुदामला तिथल्या दवाखान्यात न्यायला लोकांदेखत त्यांना नाही म्हणता येईना. सुदामला मागच्या सीटवर निजवलं, त्याचं डोकं म्हाताऱ्या आईनं मांडीवर घेतलं आणि गाडी घाटाला लागली.

अर्ध्या चढावर इंजिन तापलं. ड्रायव्हर इलाहीनं एसी बंद केला, काचा खाली घेतल्या आणि हीटर लावला. समोरच्या जाळ्यांतून गरम झळा यायला लागल्या.

"वेड लागलं का रे?" भैरवराव ओरडले.

"इंजिनाची उष्णता आत ओढून घेतोय, साहेब. नाही घेतली तर गाडी इथंच बसंल."

"बसू दे! घामानं भिजून सत्काराला जाऊ का मी? बंद कर ते!"

इलाहीचा हात बटणाकडे गेला. गजराबाईनं लेकाच्या नाकापाशी बोट धरून पाहिलं. श्वास होता, पण बारीक.

"बंद कर बाबा, साहेबांचं ऐक," ती शांतपणे म्हणाली. "फक्त साहेब, एवढं सांगा. गाडी बसली की माझा लेक हितंच जाणार. खांदा द्यायला चौघं लागतात आणि हितं तुम्ही दोघंच. बाकीचे दोन सत्कारातनं बोलवायचे का?"

इलाहीनं हात मागं घेतला. घाट संपेपर्यंत ती भट्टी तशीच चालू राहिली, आणि चेअरमन घामानं निथळत समोर बघत बसले.

सुदामचा पाय काही वाचला नाही. सुदाम वाचला.