भिंत नावाचा माणूस

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह, किल्ल्याच्या पायथ्याशी असलेल्या एका जुन्या ओळखीच्या गावी उतरले. शिष्याला बोलीतल्या शब्दांचे वेड होते. गावोगावचे चमत्कारिक शब्द तो टिपून ठेवी. बाजारात एक वाकलेला माणूस येताना दिसला, तशी एक बाई पुटपुटली, "भिंत आली गं!" आणि सारा बाजार चिडीचूप झाला.

तो माणूस पुढे गेल्यावर एका तेल्याने हलकेच सांगितले, "खबऱ्या आहे तो. इथलं बोलणं वर किल्लेदाराच्या कानी घालायचा. भिंतीला कान असतात ना, म्हणून भिंत. खरं नाव आता कुणाला आठवतंय?"

शिष्य हरखला. शब्द, अर्थ आणि व्युत्पत्ती एकदमच हाती आली होती. आचार्य मात्र म्हणाले, "चल, त्याच्या घरी जाऊ."

भर दुपारी त्या घरात काळोख होता. तो माणूस मधल्या भिंतीला कान लावून बसला होता. त्याने ओठांवर बोट ठेवले.

"हळू! पलीकडे सारजा लेकीला न्हाऊ घालतेय. ऐका, पोर हसतेय."

शिष्याने कान लावला. त्याला काहीच ऐकू आले नाही. मग आचार्य शिष्याला बाहेरून शेजारच्या घरात घेऊन गेले. दाराला फळी नव्हती. चुलीत गवत उगवले होते.

"अकरा वर्षांपूर्वी शिपायांनी सारजेला, तिच्या नवऱ्याला नि लेकीला वर नेलं," आचार्य म्हणाले. "कुणी परतलं नाही."

तेवढ्यात भिंतीपलीकडे तो माणूस हसला, लहान पोराशी हसावे तसा.

आचार्यांनी कोपऱ्यातली गंजकी पहार उचलली आणि मातीच्या भिंतीवर घाव घातला. तिसऱ्या घावाला भगदाड पडले. पलीकडून किंकाळी आली, "बुजवा! बुजवा ते!"

"आचार्य, ही निर्दयता कशासाठी?" शिष्य कळवळून म्हणाला.

"बाळ, भिंतीला कान असतात, पण भिंतीला जाब कोण विचारतो? गावाने त्याला भिंत म्हटले आणि त्याला लपायला जागा मिळाली. सांगितले ते भिंतीने, गेली ती सारजा. मधे माणूस कुणी नव्हताच! गावाने दिलेली शिवी त्याने पांघरूण म्हणून अंगावर ओढली. व्युत्पत्ती तू बरोबर टिपलीस. तो शब्द काय झाकतो, ते टिपायचे राहिले."

शिष्य भगदाडाशी वाकला. "बाबा, तुमचं नाव काय?"

भगदाडातून त्या गवत उगवलेल्या चुलीकडे पाहत म्हातारा म्हणाला, "भिवजी. मी भिवजी. सारजेचं नाव मीच सांगितलं होतं."

त्यानंतर पलीकडचे हसणे त्याला कधी ऐकू आले नाही. गावाने मात्र त्या दुपारी प्रथमच त्याचे रडणे ऐकले.