पंचांचा अहवाल

जेवणाच्या सुट्टीनंतर अजून एकही चेंडू पडला नव्हता. पंच राजोपाध्ये यांनी खिशातून चेंडू काढला, त्यावर ओरखडे दिसले आणि त्यांनी विट्याच्या संघावर ठपका ठेवला, की यांनी चेंडू मुद्दाम खरवडलाय. समोरच्या संघाला पाच धावा बहाल झाल्या, वर वर्षभराच्या बंदीची शिफारस. विट्याची पोरं चिडली आणि निषेध म्हणून सीमारेषेबाहेर जाऊन बसली.

कर्णधार दिनकर तेली चाळिशीचा. सकाळपासून उन्हात उभं राहून त्याचे गुडघे बोलायला लागले होते. भांडायचं त्राण अंगात नव्हतं.

"मैदानात या, नाहीतर सामना गेला," पंच म्हणाले.

"येतो साहेब. अहवाल तेवढा पुरा करा," दिनकर म्हणाला. "ज्याच्या ताब्यात चेंडू खराब झाला, त्याच्यावर बंदी घाला. आमची ना नाही."

"तेच लिहितोय."

"सुट्टीआधी तुम्ही बघितला, तेव्हा चेंडू कसा होता?"

"व्यवस्थित होता. बघूनच खिशात ठेवला."

"आणि सुट्टीभर?"

"माझ्याच खिशात. नियमच आहे तसा."

"मग घाला नाव, साहेब. मी खाली सही करतो."

पंचांचं पेन थांबलं. त्यांचा हात नकळत खिशात गेला, तशा आत किल्ल्या वाजल्या. त्यांनी कागदाची घडी घातली, पाच धावा रद्द केल्या आणि दुसरा चेंडू मागवला.

पोरं हसत मैदानात धावली. दिनकर त्यांच्या मागून सावकाश चालत गेला. जिंकल्यासारखं काही त्याला वाटलं नाही; अजून वीस षटकं टाकायची होती.